दसऱ्याआधी सेल मारायचा नाही

१९ जून, गुरुवार

बाप होऊन पाच दिवस झाले, म्हणून ही वही काढली. कॉलेजची आहे. पहिल्या वीस पानांत थर्मोडायनॅमिक्स आहे. ती पानं तशीच ठेवलीत, त्यात माझं अक्षर चांगलं आहे.

मुलगी आहे. चौदा तारखेला संध्याकाळी बारामतीच्या दवाखान्यात झाली. मी पंधराला सकाळच्या एसटीनं पोचलो. मोनाच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, लाल, डोळे मिटलेलं. मोना म्हणाली, "घ्या की." मी म्हटलं, हात धुतले नाहीत. धुवून आलो तोवर नर्स तिला घेऊन गेली होती.

बाहेर व्हरांड्यात मोनाचे वडील, रणजितमामा, अन् त्यांच्या भावकीतले चारजण. मामांनी मला चहा दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, आता माझी पोरगी अन् नात त्या डबड्यात बसायच्या न्हाईत. न्यायला याल तवा बसण्यासारखं कायतरी घिऊन या."

सगळे हसले. मीपण हसलो. चहा गरम होता म्हणून लवकर संपेना.

डबडं म्हणजे आमची ॲम्बेसिडर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंदापूरच्या सरकारी लिलावात घेतलेली, पांढरी, कुठल्यातरी साहेबाची. एप्रिलमध्ये मोनाला सातव्या महिन्यात माहेरी, वडगाव निंबाळकरला, सोडायला निघालो तर भवानीनगरच्या पुढं इंजिन जाम झालं. तापमानाचा काटा लालमध्ये गेलेला मी बघितला होता. पण बारामती आता आलीच होती. म्हटलं, पोचतंय. नाही पोचलं. मोना दीड तास बाभळीखाली दगडावर बसली. मग मामा त्यांची गाडी घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. मी ॲम्बेसिडरपाशी थांबलो. गाडी रस्त्यात टाकून कसं जाणार?

आज ठरवलं. त्याच गाडीत दुसरं इंजिन बसवायचं, आपल्या शेळगावच्या शेडमध्ये, आपल्या हातानं. आणि त्याच गाडीतून दोघींना घरी आणायचं. मागचं सीट केवढं मोठं आहे, बाळंतीण पाय पसरून बसेल. माझी मेकॅनिकलची डिग्री आहे. कंपनीनं काँट्रॅक्ट संपवलं, डिग्री नाही संपवली.

संध्याकाळी मोनाचा फोन. "पप्पांचं मनाला लावून घेऊ नका ओ. तुमी एसटीनं आला तर मी एसटीनं येते."

मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस. राणीसारखी आणतो तुला.

२६ जून

काल बारसं झालं. आई आणि मी गेलो. शेताला पाण्याची पाळी होती म्हणून आबा आले नाहीत. कागदावर आर्वी नाव ठेवलं, पण पाळण्यातून काढायच्या आधीच सगळ्या बायका छकुली म्हणायला लागल्या. माझ्याकडं साधारण चार मिनिटं होती. तिच्या मुठीत माझं बोट अडकलं. सुटेना. मग मोनाची आई, मामी, आल्या आणि सोडवून घेऊन गेल्या, फोटो काढायचे होते.

मोनाच्या एका चुलत्यानं विचारलं, "सध्या काय चालू हाय, अविराज?"

"इंजिन."

"इंजिनिअर, व्हय?"

"नाही. इंजिन."

जेवताना मामा म्हणाले, "पोरगी आपणहून आणून सोडायची पद्धत आमच्यात न्हाय. दसऱ्याला या. नारळ-साडी करतो, घिऊन जा." आई लगेच व्हय म्हणाली. दसरा दोन ऑक्टोबरला आहे. मी मोजलं, नव्व्याण्णव दिवस. निवांत होतंय.

३ जुलै

जुनं इंजिन निघालं. शेडच्या तुळईला चैन कप्पी टांगली, बॉनेट काढलं, सकाळपासून दुपारपर्यंत एकेक बोल्ट. वर उचललं तेव्हा गाडी पुढून एकदम हलकी झाली, नाक वर करून उभी राहिली. मला जरा कसंतरी वाटलं.

इंजिन उघडलं. दोन नंबरचा पिस्टन भिंतीला वितळून चिकटलाय.

आबा उकिडवे बसून आत बघत राहिले. "निघताना पाणी बघितलं हुतंस का?"

"इंजिनच जुनं होतं, आबा."

"जुना तर मीबी हाय. मला तुझी आई पाणी देती म्हणून चालतोय."

आई ओट्यावरून हसली. आबांना त्या इंजिनाचा लळा आहे, म्हणून असं बोलतात. वीस वर्षं रोज सकाळी कॅप उघडून तांब्यानं पाणी घालायचे, लेकराला पाजल्यासारखं. मी असल्या गाड्या शिकलो नाही. मी सेन्सरवाल्या शिकलो.

११ जुलै

इंजिन ठरलं. पुण्याच्या भंगार बाजारातलं, एका जपानी सेडान गाडीचं. गाडी मागून ठोकलेली, पुढचं सगळं कोरं. पेट्रोल. सोळा व्हॉल्व्ह. ॲम्बेसिडरला असलं काळीज कधी बघायला मिळालं नसेल. आमचे टोमॅटो घेऊन पुण्याला जाणारा टेम्पो परत येताना रिकाम्या क्रेटांत ठेवून रविवारी आणणार.

मोना म्हणाली, "रविवारी या ना. ती आता उजेडाकडं बघती."

"रविवारी इंजिन येतंय. उतरवायला माणूस पाहिजे."

"मग सोमवारी."

"मोना, आता मोटरसायकलवर आलो तर मामा परत काहीतरी बोलणार."

"पप्पा दिवसभर उसात असत्यात. मी काय म्हणते ते ऐका की जरा."

मी म्हटलं, एकदाच येतो, पण असा येतो की कुणी बोलायचं नाही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, "इंजिन केवढं हाय?" मी सगळं सांगितलं, वीस मिनिटं. तिनं सगळं ऐकलं.

२२ जुलै

बसत नाही. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांचा एकही बोल्ट समोरासमोर येत नाही. दोघं एकमेकांकडं बघत पडलेत.

२ ऑगस्ट, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवतो, कारण पुढं कुणी विचारलं तर काय झालं ते सांगता आलं पाहिजे.

अकराला इंजिन चैन कप्पीवर चढवलं. माउंट कुठं वेल्ड करायचे ते मापायचं होतं. साडेअकराला मोनाचा मेसेज, छकुलीला ताप, रात्रीपासून दूध पीत नाही, बारामतीला ॲडमिट केलंय. मी लिहिलं, इंजिन उतरवून निघतो. आणि कप्पीची साखळी अडकली. वरही जाईना, खालीही येईना. दीडशे किलो लोखंड गाडीच्या तोंडात लटकलेलं. खाली आबांचं येणंजाणं. तसं सोडून जाणार कसं? इंदापूरच्या लेथवाल्या मानसिंगदादाला फोन केला, तो म्हणाला चारला येतो. पाचला आला. आल्यावर त्यानं साखळीला एक हिसका दिला आणि ती सुटली. "एवढ्यासाठी बोलावलंस व्हय रं मला?"

आंघोळ करेपर्यंत सहा. फोन केला तर मोना म्हणाली, "आता कशाला. सलाईन लावलंय, झोपलीया."

"सकाळी येऊ?"

"बघा."

५ ऑगस्ट

छकुलीला घरी सोडलं. ताप नाही. रविवारी-सोमवारी मी जाणारच होतो, पण मोनानंच फोनवर सांगितलं की बरी आहे, मग घाई केली नाही. माउंट टॅक करून, म्हणजे तात्पुरते वेल्ड करून घेतले.

मला वाटलं होतं भांडेल. भांडली नाही. का आला नाहीत हेसुद्धा विचारलं नाही. मोनाचं हेच मला आवडतं. तिला कळतंय माझं काय चाललंय ते.

१४ ऑगस्ट

आज इंदापूरला मानसिंगदादाच्या लेथवर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणारी पोलादी चकती त्यानं कातून दिली. एका बाजूला एकाची भोकं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. कागदाचा साचा मी काढला होता. पहिल्या फटक्यात बसली. दादा चकतीवर थाप मारून म्हणाला, "झाला मध्यस्थ तयार."

मग तो मोटरसायकलवर माझ्याबरोबर शेळगावला आला, इंजिन बघायला. पुढचं ग्रीस पुसताना म्हणाला, "ह्यो बाण कशाचा रं?"

मी बघितलं. पुलीजवळ बाण आहे, कोरलेला. म्हटलं, बेल्ट कसा चढवायचा त्याचा असेल.

"आसंल." तो उठला. "माझं ऐकशील तर हे आधी जमिनीवरच सुरू करून बघ. बॅटरी लाव, डब्यातनं पेट्रोल दे. कसं बोलतंय, कुठं फिरतंय, कळंल तरी. आत बसवल्यावर परत काढायला तुझा बाप येणार हाय का?"

बाप तिथंच होता. आबा म्हणाले, "दसऱ्याआधी सेल मारायचा न्हाय."

"आबा, नुसतं बघायला..."

"न्हाय म्हणलं ना. एप्रिलमधी अवसंच्या दिवशी निघालास. मी म्हणत हुतो नारळ फोड, तर म्हणलास, उशीर हुतोय. पोटुशी पोरगी उन्हात दगडावर बसली. आता पुन्यांदा न्हाय. नव्या इंजिनाचा पहिला आवाज पूजा झाल्यावर. खंडेनवमीला पान्या-हत्यारांची, दसऱ्याला गाडीची. मग मार सेल न्हायतर मार शिट्टी."

मानसिंगदादानं माझ्याकडं बघितलं. मी इंजिनिअर. मी बोलायला पाहिजे होतं. पण एप्रिलचा विषय निघाला की माझं तोंड शिवल्यासारखं होतं. म्हटलं, दसऱ्यालाच मारू. सगळी इंजिनं सारखीच तर असतात.

६ सप्टेंबर

काल सकाळी आई एकटीच एसटीनं वडगावला गेली, मेथीचे लाडू घेऊन. आज आली. मी वायरिंग मांडून बसलो होतो. सेन्सरच्या सत्तावीस वायरी, आठ कुठं जातात कळत नाही. आई शेडच्या दारात उभी राहिली. आई शेडमध्ये कधी येत नाही, तिला ऑईलच्या वासानं मळमळतं.

"पोरगी हसती," आई म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी. पंख्याकडं बघून हसती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून हसती. येईल त्याला हुंकार देती." मग, "मोना लई वाळलीया."

"दसऱ्याला आणतोयच की."

"लेकराला दसरा कळतो व्हय रं?"

"आई, तू जरा वायरीवरून पाय बाजूला घे."

आईनं पाय घेतला. रात्री जेवली नाही. प्रवासानं पित्त झालं असेल.

१९ सप्टेंबर

इंजिन आत बसलं. गिअरबॉक्सशी जोडलं. वायरी झाल्या, आठच्या आठ सापडल्या. बॉनेट बंद होत नव्हतं म्हणून त्याला मधोमध कापून पत्र्याचा उंचवटा दिला. ॲम्बेसिडरला टेंगूळ आल्यासारखं दिसतं. मागच्या सीटचे जुने स्प्रिंग काढून नवा फोम घातला, वर मऊ गादी. छकुलीला ठेवायला मधोमध खळगा केला. खळगा किती मोठा पाहिजे ते कळेना. अंदाजानं केला.

मोनाला फोटो पाठवला. तीन तासांनी उत्तर, "छान."

संध्याकाळी बोलणं झालं. तिनं बारामतीच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये मुलाखत दिली म्हणे. दूध तपासायचं काम. तिचं बी.एस्सी. केमिस्ट्री आहे.

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं हुतं. तुमी म्हणाला, वायरिंग चाललंय, मग बोलू."

मला आठवत नाही. पण वायरिंग चाललं होतं हे खरं. म्हटलं, घरी आल्यावर बघू काय ते, आणि दसऱ्याला साडेदहाला निघतो, साडेबारापर्यंत पोचतो. ती म्हणाली, "खरंच येणार ना?"

"मोना, आता फक्त किल्ली फिरवायची राहिली."

"न्हाय, म्हणजे गाडी न्हायच झाली तर. तरी याल ना?"

हिला अजून विश्वास नाही. मी म्हटलं, गाडी होणार.

२ ऑक्टोबर, दसरा

(सकाळ, आठ) फार लिहीत नाही. झेंडूच्या माळा झाल्या. दोन्ही आरशांना आपट्याची पानं. आईनं बॉनेटच्या टेंगळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलंय. मामींचा फोन आला होता, पुरण टाकलंय, मोनाची बॅग भरलीय, छकुलीला न्हाऊ घालून नवीन कपडे घातलेत.

३ ऑक्टोबर

काल.

आबांनी नारळ फोडला, एका घावात. चारही चाकांपुढं लिंबं ठेवली. मानसिंगदादा पेढे घेऊन आला होता, शेजारपाजारचे पंधरावीस जण शेडपुढं. मी सेल मारला. दुसऱ्या सेलला इंजिन सुरू झालं. काय आवाज होता. आवाजच नव्हता. शिलाई मशीनसारखं. आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मानसिंगदादा ओरडला, "ऐका ऐका, इंदापुरात असलं इंजिन न्हाय!" आई पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, झालं. सगळं झालं. एप्रिलपासून छातीवर होतं ते उतरलं.

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली.

मागं डाळिंबाच्या क्रेटांची थप्पी होती. ती पडली. मला वाटलं रिव्हर्स पडला असेल. परत पहिला. परत मागं, क्रेट मोडायला लागले. दुसरा टाकला. मागं. मी उतरलो.  लिंबं चाकांपुढं जशी ठेवली तशीच होती, एकही फुटलं नव्हतं.

मानसिंगदादानं बॉनेट उचललं, चालू इंजिनाच्या पुलीकडं बघितलं. मग बाणाकडं. मग हळू आवाजात म्हणाला, "अवि, हे उलटं फिरतंय रं."

काही जपानी इंजिनं उलटी फिरतात. मला माहीत असायला पाहिजे होतं. जमिनीवर ठेवून एकदा सेल मारला असता तर ऑगस्टमध्येच कळलं असतं. आता गाडीला चार गिअर मागं जायला आणि एक पुढं.

कुणीतरी मागून बोललं, "मागं तोंड करून बसा म्हणावं पाव्हण्याला." आणि मग सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "मुहूर्त तर बराबर हुता." एवढंच म्हणाले, दोनदा.

आई म्हणाली, "एसटीला जा. आत्ता जा. अकराची घावंल."

मी गाडीत बसलो. पुढं जाणारा एक गिअर होता ना. रिव्हर्स टाकला आणि गाडी पुढं निघाली, लिंबं चिरडत, आणि मी थांबलोच नाही, मानसिंगदादा बाजूनं पळत ओरडत होता की रिव्हर्सचा गिअर बारका असतो पाच-दहा किलोमीटरच्या वर टिकायचा नाही, मी काच वर केली, रस्त्याला लागलो, वीसच्या वर काटा जाईना आणि गिअरबॉक्स किंचाळत होता, एवढा की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती आणि मला गाडीला झेंडूच्या माळा घातलेल्या बघून नवरदेव समजून हात करत होती, ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेले, एक म्हातारा सायकलवर बराच वेळ माझ्याबरोबर चालला, आणि मी हिशेब करत होतो की वीसनं गेलो तरी तीन तास, साडेबारा नाही तर दोन, दोन म्हणजे काय फार उशीर नाही, पुरण गरम करता येतं, आणि मागं वळून बघितलं तर गादीचा खळगा दिसायचा आणि मला वाटायचं तो बरोबर झालाय, आणि लासुर्ण्याच्या अलीकडं खालून कड् असा आवाज आला आणि नंतर कुठलाच गिअर कुठंच गेला नाही.

इंजिन मात्र सुरूच होतं, शिलाई मशीनसारखं.

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो तेव्हा इंदापूर-बारामती एसटी आली. मी हात केला नव्हता. ड्रायव्हरनं आपण होऊन थांबवली, कंडक्टर दारातून म्हणाला, "या की. सणाचं कुठं उभं ऱ्हाताय."

मी म्हटलं, गाडी आहे.

तो गाडीकडं बघून म्हणाला, "ती कोण नेतंय?"

एसटी गेली. पावणेचारला ट्रॅक्टरला दोर बांधून मानसिंगदादानं गाडी परत आणली. मोनाचे सहा मिस्ड कॉल होते. पाचला मी केला. मामींनी उचलला. म्हणाल्या, "मोना छकुलीचे कपडे बदलतीया. ती नव्या कपड्यात किरकिर करत हुती."

१२ ऑक्टोबर

गिअरबॉक्स उघडला. रिव्हर्सच्या गिअरचे दात चाळणीत भरून ठेवलेत. उलट्या इंजिनाला चालेल असा गिअरबॉक्स पुण्यात आहे का, भंगारवाल्याला विचारलं. विचारून सांगतो म्हणाला.

२१ ऑक्टोबर

नातीची पहिली दिवाळी, बोलावणं येईल असं आईला वाटत होतं. रोज संध्याकाळी ती माझा फोन चार्ज झालाय का बघायची. बोलावणं आलं नाही. मीपण आपणहून फोन केला नाही. काय सांगणार होतो?

आबा शेडमध्ये येत नाहीत. येता-जाता शेडकडं पाठ करून जातात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

परवा मोनाचा मेसेज आला. "एक तारखेपासून लॅबला जॉईन होतेय. बारामतीत खोली बघितली आहे. आई आणि छकुली माझ्यापाशी राहतील. तुम्हाला कळवलं." शेवटी फुलस्टॉप होता. ती मेसेजला फुलस्टॉप देत नाही.

आज सकाळच्या एसटीनं गेलो. आधी बारामती, मग नीरेच्या गाडीनं वडगाव. सगळं मिळून अडीच तास लागले. वाटेत कुठंही काही झालं नाही.

मामा अंगणातच होते. मी तयारीनं गेलो होतो, काय बोलतील ते ऐकून घ्यायचं ठरवून. ते म्हणाले, "या पाव्हणं, या. ऊन लई झालं. पाणी घ्या." स्वतः तांब्या आणून दिला. खुर्ची पुसून दिली. पाऊसपाणी विचारलं, डाळिंबाचा बार विचारला, आबांचा गुडघा विचारला. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही.  मी म्हटलं, मामा, बोला की काहीतरी. ते म्हणाले, "बोलतोयच की."

जेवायला मला एकट्यालाच पाट मांडला. मामींनी तूप वाढलं. मोना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, केस नीट बांधलेले, हातात घड्याळ. वाळलेली वगैरे नव्हती. किंवा वाळली होती आणि परत भरली, मधलं मी बघितलं नाही.

छकुली मामींच्या कडेवर. मोठी दिसते. मान धरते, सगळीकडं बघते. मला वाटलं होतं कॅलेंडरकडं बघून हसते तर माझ्याकडंपण हसेल. माझ्याकडं बराच वेळ बघितलं, भुवया वर करून, विचार केल्यासारखं. मी घेतली. तिनं ओठ बाहेर काढला आणि रडली. मोठ्यानं नाही. परक्या माणसाकडं गेल्यावर रडतात तसं. मी देऊन टाकली.

मग मोना आणि मी ओसरीत. मला वाटलं वेळ कमी आहे, मुद्द्याचं बोलावं.

"पुण्यात गिअरबॉक्स मिळतोय. पंधरा दिवसांत..."

"थांबा," मोना म्हणाली.

"बरं, गाडी मरू दे. एसटीनं चल. आत्ता. दोनची आहे. बॅग भर."

"दसऱ्याला भरली हुती. पाचला रिकामी केली."

"मला कळलं होतं की तू..."

"तुमाला काय कळलं हुतं?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, चिडून नाही. 

मी म्हटलं, "भांड की माझ्याशी."

"न्हाय ओ," ती म्हणाली. "लई दिवस मनातल्या मनात भांडले. तवा तुमी असता तर बरं झालं असतं. आता डबा लावायचा, खोलीवर गॅस न्यायचा, एक तारीख शनिवारी हाय."

"मी बारामतीला येऊन राहिलो तर?"

 नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. आतून छकुलीचा आवाज आला तशी ती उठली. किती पटकन उठली. मी अजून आवाज ओळखतच होतो.

निघताना तिनं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. धुवून इस्त्री केलेली झबली, टोपडी, दोन दुपटी, जन्मल्यापासूनची.

"ही तिला हुत न्हाईत आता. तुमच्या घरी असू द्या. भावकीत कुणाला तरी हुतील."

मामा फाट्यापर्यंत सोडायला आले, त्यांच्या गाडीतून. एसी लावला होता. एसटी येईपर्यंत माझ्याबरोबर उन्हात उभे राहिले आणि एसटीत बसल्यावर खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." सगळ्या पाहुण्यांना म्हणतात तसं.

बारामतीला गाडी बदलली. इंदापूरच्या एसटीत खिडकी मिळाली. शेजारी एक म्हातारी, निमगावची, मांडीवर भाजीचं गाठोडं. भवानीनगर आलं, गेलं. पिशवीतून एक झबलं निम्मं बाहेर आलं होतं, ते तिनं बघितलं.

"लेकीचं व्हय?"

"व्हय."

"केवढी हाय?"

मी महिने सांगायला लागलो आणि मध्येच अडकलो. चार की साडेचार, मला पटकन येईना. मग झबलं पिशवीतून काढून मांडीवर पसरलं, दोन्ही बाह्या उघडून, आणि म्हटलं, "एवढी."

म्हातारीनं एका बाहीत बोट घालून बघितलं. बोट कसंबसं गेलं. "लई बारीक हाय की वो अजून," ती म्हणाली. "जपा."

मी म्हटलं, व्हय.